हौसाबाईसाहेबांच्या घोट्याची हकीकत

श्रीगजानन कृपावंत. ऐकणारांचे कान शाबूत असोत, सांगणाराचे गुडघे शाबूत असोत. शके सोळाशें पंचावन्न, प्रमादी नाम संवत्सरे, श्रावण शुद्ध पंचमीस गडाच्या धनीण हौसाबाईसाहेब दासी शेवंतेशीं फुगडी घालीत होत्या, तों दोघी कोसळल्या आणि बाईसाहेबांच्या घोट्याचें हाड मोडलें. नागपंचमीची पहिली फुगडी धनिणीची, ती न जाहली तर गडावरील बायकांचा खेळ बंद, ऐसा पणजीपासून शिरस्ता. मग पट्टी बांधते समयीं बाईसाहेबांनीं शेवंतेस भाक दिली कीं, पुढले पंचमीस हीच फुगडी पुरी करूं.

मग हाड सांधलें, परंतु ठणका जाईना. भिकंभट वैद्य दोन मजलांच्या वाटेवर राहत, त्यांनीं सांगितलें होतें कीं, पाय कसा आहे तें लिहून कळवावें, त्या मानें चालणें वाढवूं. दादोपंत चिटणीस मोठे कलमबहाद्दर. धन्याचें पत्र म्हटलें कीं 'येथील सर्व क्षेम' लिहावयाचें, त्यांतून घोटा वगळणें त्यांस बेअदबी वाटे. वैद्यांनीं क्षेम वाचिलें आणि आज्ञा धाडिली, शंभर पावलें चालावें. बाईसाहेब चालल्या आणि दुपारभर उशींत तोंड खुपसून कण्हल्या. चिटणिसांनीं लिहिलें, क्षेम. वैद्य संतोष पावले आणि लिहिते जाहले, आतां बुरूज चढावा. बाईसाहेब चढल्या आणि उतरावयास पालखी मागविली. पुन्हा क्षेम. मग पत्र आलें कीं, ऐसी प्रकृती पाहतां दोरीवरून उड्या माराव्या. तेव्हां आषाढ लागला होता, पंचमी महिन्यावर आली होती, आणि बाईसाहेबांचा धीर सुटला. भर सदरेंत डोळे भरून बोलिल्या, "दादोपंत, दुखतंय. तसंच लिहा, दुखतंय."

मग दिवाणजी हळूच म्हणाले कीं आमचाही गुडघा तीन वर्षें धरला आहे, आणि सेनापतींनीं कंबर दाखविली, आणि चोपदारानें दाढ, आणि दुखण्यांची ऐसी झिम्मड उडाली कीं बाईसाहेब हसतां हसतां लोडावरून कलंडल्या.

खरें पत्र वाचतांच वैद्य धांवत आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "बाईसाहेब, हाड सांधलंय, पण चोर गेला तरी पाहरेकरी ओरडतच असतो. त्याचं ऐकावं, पण गडाच्या किल्ल्या त्याला देऊं नयेत." मग रोज थोडें चालणें, ठणका चढण्याआधीं बसणें, निर्गुडीचा शेक, आणि दुसरे दिवशीं दहाच पावलें अधिक, ऐसा महिना गेला.

आनंद नाम संवत्सराची पंचमी उजाडली. बाईसाहेबांनीं शेवंतेचे हात धरिले आणि फुगडी सुटली, आणि बुरूज फिरले, वैद्य फिरले, दादोपंतांची पगडी फिरली, आणि बाईसाहेब पोरीसारख्या खिदळल्या. पांचवे फेऱ्यास घोटा बोलला. बाईसाहेब आपण होऊन थांबल्या, म्हणाल्या, "बस, दुखतंय. हरले मी."

शेवंता धापा टाकीत होती. ती म्हणाली, "माझंही दुखतंय, बाईसाहेब. मनगट. गेल्या पंचमीपासनं."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"मला कोण पत्र लिहायला सांगतंय?"

बाईसाहेब मटकन खालीं बसल्या, शेवंतेचें मनगट मांडीवर घेतलें आणि वैद्यांस हांक मारिली. भोंवतीं बायकांच्या फुगड्या सुटल्या होत्या.

तात्पर्य, पहिली फुगडी पार पडली, घोटा अद्याप थंडींत कुरकुरतो, मनगट बरें आहे. आणि या राज्यांतील पत्रें तेव्हांपासून ऐशीं निघतात: येथील क्षेम, दुखतें तें खालीं लिहिलें असे, तुमचें काय दुखतें तें कळवावें.