आवाज पुंडलिकजींच्या हातात

आमच्या मालकाचा आवाज पुंडलिकजींनी परस्पर कमी करून टाकला आहे, हे कळलं तेव्हा माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला. कमी म्हणजे समजूत घालून नव्हे. समजूत घातल्यावर ऐकणारा मालक जिनिंगच्या धंद्यात मी अजून पाहिलेला नाही. पुंडलिकजींनी मालकाच्या वॉकीटॉकीच्या माइकचा जोरच उतरवून ठेवला होता.

आमची कापसाची जिनिंग मिल वर्ध्याच्या बाहेर आहे आणि मी तिथे स्टोअर सांभाळतो. हंगामात सरकी काढणारे रेचे सुरू झाले की शेजारच्या माणसाचं बोलणंही कळत नाही. त्यामुळे वजनकाट्यापासून कापसाच्या गंजीपर्यंत सगळा कारभार वॉकीटॉकीवर चालतो. जुने खरखरणारे सेट जाऊन नवे डिजिटल आले आणि ते वायरमन पुंडलिकजींच्या गळ्यात पडले. या सेटवर आपल्याला ऐकू येणारा आवाज वरच्या गोल बटणाने कमीजास्त होतो, तो कोणीही करतो. पण आपलं बोलणं समोरच्याला किती जोरात पोचावं हे आतल्या सेटिंगमध्ये ठरतं. त्या सेटिंगमध्ये पुंडलिकजी एकदा शिरले ते बाहेर आलेच नाहीत.

रोज सकाळी ते एकेकाच्या तोंडापुढे सेट धरतात.

"बोल."

"काय बोलू?"

"सकाळी काय खाल्लं ते सांग. मन लावून सांग."

माणूस पोह्यांवरच्या तर्रीचं वर्णन करतो, पुंडलिकजी डोळे मिटून ऐकतात आणि त्याचा माइक वर-खाली करतात. त्यांच्या मते खाण्याबद्दल बोलताना माणसाचा खरा आवाज निघतो. उपास असणाऱ्याची तपासणी ते दुसऱ्या दिवशीवर ढकलतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, याला एखाद्या डॉक्टरकडे न्यावं.

फाटकावरचा चौकीदार जन्माचा पुटपुट्या. त्याचा माइक पुंडलिकजींनी असा चढवला की "गाडी आली" एवढं तो म्हणाला तरी गंजीवरचे लोक दचकून उभे राहायचे. पंधरवड्यात त्या माणसाची चाल बदलली, मिशा वर गेल्या. काट्यावरचा बाबू मात्र ओरडून ओरडून थकला, कारण त्याचं ओरडणं पलीकडे कुजबुजीसारखं पोचत होतं. "आवाज माणसाचा नसते भाऊ, सेटिंगचा असते," हे पुंडलिकजींचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ते छातीवरून हात फिरवतात, जसं काही बोलण्याची देणगी माणसाला त्यांनीच दिली आहे.

आणि मग मालक. मालक सेटवर गरजायचे, "काऊन बे, झोपून राह्यले काय सारे?" आणि आमच्याकडे ते असं यायचं की जणू कोणी मायेने विचारतंय, बाबांनो, झोप नीट झाली ना. मजूर म्हणायला लागले, यंदा मालक नरम पडले. मालक म्हणायला लागले, यंदा माणसं समजदार आली, उलटून बोलत नाहीत.

"अहो, त्यायले कळलं तर?" मी शर्ट पुसत विचारलं.

"कसं कळन? सोताचा आवाज सोताच्याच सेटवर ऐकू येते काय कोणाले?"

मी कपात उरलेला चहा पिऊन टाकला.

असा हा माणूस एक दिवस नोकरीवरून जायची वेळ आली, आणि ती वेळ माझ्याच हातून आली. मालकांनी सगळे सेट मोजायला सांगितले. मी मोजले, तर एक कमी. मालक माझ्या टेबलाशी येऊन सेटशिवाय ओरडले, म्हणजे अस्सल आवाजात ओरडले, "ज्यानं नेला असन त्याचा हिशोब करून टाका! उद्या सकाळी तो माणूस मले फाटकात दिसाले नाई पाह्यजे!"

मी पुंडलिकजींना गाठलं. वाटलं, शोधू, विचारू म्हणतील. ते म्हणाले, "माह्या घरी आहे."

"चोरून नेला तुम्ही?"

"चोरून कायले? वापरून राह्यलो."

"घरी? कायच्यासाठी?"

"चला ना घरी. पाहून घ्या."

संध्याकाळी त्यांच्या मागे स्कूटरवर बसून नालवाडीला गेलो. रागाने माझे कान तापले होते. घराच्या फाटकापाशी उतरून त्यांनी कमरेचा सेट काढला आणि म्हणाले, "आलो. संगं स्टोअरवाले भाऊ आहेत."

सेटमधून बाईचा खणखणीत आवाज आला, "त्यायले खुर्ची द्या. चहा मांडते."

आवाज एवढा मोठा की समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन खोल्यांचं घर, आणि नवरा फाटकातून बायकोला वायरलेसवर चहा सांगतो! माझा तोल सुटला.

"लाज नाई वाटत?" मी अंगणात ओरडलो. "मालकाचा माल तुम्ही चहा सांगाले वापरता? उद्या नोकरी जाईन तुमची, अन् मोजदाद माही हाय म्हणून माहीही जाईन!"

आतून पुंडलिकजींच्या बायको, कांतावहिनी, बाहेर आल्या. बारीक चणीच्या, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. त्यांनी हातातला सेट पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. मग माझ्याकडे पाहून त्या काहीतरी बोलल्या. ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही. मी पुढे वाकलो, तरी नाही. नुसता श्वास.

"मागल्या साली गळ्याचं ऑपरेशन झालं," पुंडलिकजी म्हणाले. "गाठ गेली, संगं आवाज गेला. मंग ताट वाजवून बलवे मले. भांडायचं असलं तं दोन ताटं वाजवे. एक दिवस सेट घरी आणला, माइक पुरा चढवला, तिच्या हाती देला अन् म्हटलं, बोल. तं बोलली."

"काय बोलल्या?"

"म्हणे, काल भाजीत मीठ कमी होतं ना?" ते हसले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मिठावर रडलो बाप्पा आम्ही दोघं."

एवढ्या वर्षांत या माणसाने मला हजारदा धक्के दिले, पण असा नाही. स्वतःच्या ओरडण्याची मला अशी लाज वाटली की मान वर होईना.

"आत्ता काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणते, चूक माही आहे. सेट घेऊन जा, पण यायची नोकरी नका घालवू."

मी सेट वहिनींच्या हातात परत ठेवला. "मालकाले मी सांगतो," एवढंच कसंबसं म्हणालो. "सेट मी दिला म्हणून सांगतो. काढलं तर दोघायले काढन. तुम्ही बोला वहिनी."

वहिनी सेट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पुंडलिकजी मात्र मुकाट्याने अंगण ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेले आणि तिथे आमच्याकडे तोंड करून थांबले. दोन सेट जवळ आले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. बायकोचं बोलणं ऐकायचं तर त्यांना असंच दर वेळी तिच्यापासून लांब जाऊन उभं राहावं लागत होतं.

वहिनींनी बटण दाबलं. आधी ओठ हलले. आवाज क्षणभराने मागून आला, रस्त्यावरून, पुंडलिकजींच्या हातातून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"बसा ना भाऊ. आमच्या घरी कोणी उभ्यानं चहा पेत नाई."

मी बसलो.