शेजारीमुक्त आसन

खुलताबादचे कमरोद्दीन शेख आणि त्यांची बायको मुनिरा यांची तिकिटं छत्रपती संभाजीनगरातल्या एकाच दुकानातून, एकाच वेळी काढलेली होती. तरीही हे दोघं सोबत प्रवास करत असावेत, असा निष्कर्ष काढणं विमान कंपनीच्या संगणकाला जमलं नाही. मुंबईहून टोरांटोला निघालेल्या जम्बो विमानात त्यानं मुनिराला पंखाजवळ बसवलं आणि कमरोद्दीनना थेट शेपटीत, संडासाच्या भिंतीला टेकून. टोरांटोत लेक गजाला बाळंत झाली म्हणूनच मुनिरा घराबाहेर पडली होती. विमानाची तिला भयंकर धास्ती. वर गेल्यावर हात धरून बसेन, असं नवऱ्याकडून कबूल करून घेतल्यावरच ती गाडीत चढली होती.

विमान वयोवृद्ध होतं. खुर्चीच्या दांडीत सिगारेट विझवायची डबी अजून शाबूत होती आणि डोक्यावरच्या कप्प्याचं झाकण चिकटपट्टीच्या भरवशावर होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात याला 'परंपरा' म्हटलेलं होतं.

मुनिराच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, हे कमरोद्दीननी चढतानाच हेरलं. खुर्चीची पाठ सरळ राहत नव्हती म्हणून तिच्यावर लाल फीत लावली होती. त्यांनी मोनाली नावाच्या हवाई सेविकेला गाठलं आणि सांगितलं, की आपल्याला टेकायला पाठच लागत नाही, एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून आपण मुंबई केलेली आहे. मोनालीनं गोड हसून खुलासा केला. खुर्ची नादुरुस्त असली तरी रिकामी नव्हती. ती 'शेजारीमुक्त आसन' या सवलतीखाली मुनिराबाईंना बहाल झाली होती, आणि बहाल झालेली सवलत काढून घेणं हा प्रवाशावर अन्याय ठरला असता.

"बेटा, बायको हाय ती माझी," कमरोद्दीन म्हणाले. "मी शेजारी व्हय तिचा?"

"सर, सिस्टीममध्ये नातं दिसत नाही. आसन दिसतं."

असल्या पेचावर मराठवाड्यानं फार पूर्वीच तोडगा काढून ठेवलाय. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा; मग ती जागा रुमालाची, आणि तिच्यावर बसायची कलेक्टरचीही हिंमत नाही. मोनालीची पाठ वळताच कमरोद्दीननी आपला चौकड्याचा रुमाल त्या खुर्चीवर टाकला आणि पिशवी आणायला ते निवांत शेपटीकडे गेले.

विमानात त्याला 'बेवारस वस्तू' म्हणतात. ताबडतोब घंटा झाली, हातमोजे घातलेले दोन अधिकारी आले, त्या भागातली सगळी माणसं उठवली गेली. कुत्रं आणलं. त्यानं बराच वेळ हुंगून रुमालाला अत्तर लावलेलं असल्याचा निर्वाळा दिला. तेवढ्यात कमरोद्दीन धापा टाकत आले आणि रुमाल माझा म्हणाले. रुमालापासून लांब गेल्याबद्दल त्यांना कडक समज देण्यात आली. बायकोपासून लांब बसल्याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती.

खबरदारी म्हणून ती ओळच बंद करण्यात आली आणि मुनिराला आणखी पुढं, पार विमानाच्या नाकाशी हलवलं. तिथं तिच्या शेजारी अतुल नावाचा तरुण होता. तो संभाजीनगरचाच निघाला. माणुसकी या विषयावर तो रोज एक व्हिडिओ टाकायचा. कमरोद्दीनना हायसं वाटलं.

"मालक, गाववाले आपण. तेवढी जागा बदला, लई उपकार होतील. भेते हो ती."

अतुलनं सगळं मान हलवत ऐकलं. काका, मी समजू शकतो, असंही तो म्हणाला. मग त्यानं डोळ्यांवर काळी पट्टी ओढली आणि त्याला गाढ झोप लागली.

विमान उडालं आणि समुद्रावर आल्यावर गदागदा हलू लागलं. कमरोद्दीन उठले, मोनालीनं त्यांना बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा बसवलं, कारण पट्ट्याचा दिवा लागलेला होता आणि नियम सगळ्यांना सारखा होता. पुढं ती एकटी थरथरत असेल, या विचारानं त्या एवढ्या मोठ्या माणसाला रडू फुटलं. त्यांनी दांडीतली ती डबीच घट्ट धरून ठेवली.

नाकाशी मुनिरानं डोळे मिटून दुआ म्हणत बाजूला हात टाकला आणि जो हात लागला तो पकडला. अतुलनं पट्टी जराशी वर केली. मोबाइल धरायला त्याचा दुसरा हात मोकळाच होता.

टोरांटोला चाकं टेकायच्या आतच विमानातल्या वायफायवरून फोटो जगभर पोचला. 'अनोळखी मावशी. एकट्याच निघालेल्या, घाबरलेल्या. सगळा प्रवास त्यांचा हात धरून बसलो. माणुसकी अजून जिवंत आहे.'

दवाखान्यात गजालानं मोबाइल बापापुढं धरला आणि हळूच विचारलं, "अब्बा, तुम किधर थे?"

कमरोद्दीननी फोटोकडं पाहिलं. त्याखाली लाल बदामांचा सडा पडला होता. त्यातला एक तुमचा आहे.