डाव्या आसनाचा मान

गाडी वेगात हाकणे सोपे आहे. ती कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली वेगात हाकणे याला संस्कृती म्हणतात. या विचाराने बाहत्तर साली आमच्या सोलापुरात ‘भरधाव मोटार मंडळा’ची स्थापना झाली. मंडळाचा मानद चिटणीस या नात्याने मी हे निवेदन करीत आहे. माझ्याकडे स्वतःची सायकल आहे (घंटीसह).

मंडळाची रचना साधी आहे. उजव्या आसनावर, चाकामागे बसतो तो शिकाऊ. डाव्या आसनावर बसतो तो मानद शिक्षक. मानद म्हणजे त्याला छदाम मिळत नाही. मिळतो तो मान, आणि धडा संपल्यावर शिकाऊच्या घरचा नाष्टा. एवढा त्याग करणारी माणसे आमच्या गावात निघतील का, अशी शंका संस्थापकांना होती. ती पहिल्याच सभेत फिटली. अठरा सभासद हजर होते, अठराही जणांनी शिक्षक म्हणून नावे दिली. शिकाऊ म्हणून कोणी नाव दिले नाही. शिक्षकांपैकी स्वतःची गाडी असलेले चार आणि गाडी चालवता येणारे दोन. (हे दोन त्या चारांतलेच का, हे पाहण्याची गरज कार्यकारिणीला वाटली नाही.)

शिक्षक कसा असावा याचे नियम अध्यक्ष चनमल्लप्पा अण्णांनी स्वतः घातले. अण्णा सरकी-पेंडेचे मोठे व्यापारी. त्यांच्या शब्दाला बाजारात वजन आहे, आणि त्यांनाही.

पहिला नियम असा, की शिक्षकाने ओरडू नये. सभासद म्हणजे प्रतिष्ठित माणसे, त्यांना ‘थांब!’ म्हणून कसे चालेल? सूचना पूर्ण वाक्यात आणि अदबीने द्यावी. उदाहरणार्थ, ‘चालकांनी आता थांबण्याचा विचार करावा, ही नम्र विनंती.’ सुरुवातीला शिक्षक एकमेकांवरच सराव करीत. तेव्हा एकदा अण्णा गाडी चालवत होते आणि निवृत्त हेडमास्तर तिप्पण्णा डावीकडे होते. तिप्पण्णा ‘थांबण्याचा’पर्यंत आले आणि गाडी कडब्याच्या गंजीत शिरली. वाक्य त्यांनी गंजीच्या आत पूर्ण केले. असली निष्ठा आता कुठे बघायला मिळते! शाल घालून त्यांचा सत्कार झाला.

दुसरा नियम काळ्या चष्म्याचा. शिक्षकाने डोळे मिटले आहेत हे शिकाऊला कळले तर त्याचा धीर खचतो.

तिसरा नियम पायाचा. यावर सभेत फार वाद झाला. डाव्या बाजूला ब्रेक नसतो, हे अनुभवी सभासदांना ठाऊक होते. तरी समोर काही दिसले की प्रत्येकाचा पाय आपसूक खालचा पत्रा दाबायचा. ही सवय मोडेना, तेव्हा ती सक्तीची करण्यात आली. धोका दिसताच शिक्षकाने पायाखालचा पत्रा पूर्ण जोराने दाबावा. धोका म्हणजे समोर दिसणारी कोणतीही वस्तू. समोर काहीच नसेल तर ते जास्त धोक्याचे समजावे.

(पेट्रोलचे भाव भडकल्यावर ‘भरधाव’ या शब्दाची व्याख्या दुरुस्त करून ताशी तीस किलोमीटर करण्यात आली. उतारावर इंजिन बंद करून शिकवावे, अशीही शिफारस आहे.)

आता एवढी तयारी झाल्यावर शिकाऊ नको का? देवाला काळजी. चौऱ्याहत्तर साली आम्हाला सावित्रम्मा मिळाल्या.

सावित्रम्मा म्हणजे सूतव्यापारी कै. गुरुबसप्पांच्या पत्नी. मागे राहिली फियाट गाडी, दुकान, आणि दीर मडिवाळप्पा. मडिवाळप्पा आमचे शिक्षकच. घरचा ड्रायव्हर नोकरी सोडून जाण्याआधी बाई त्याच्याकडून गाडी शिकल्या होत्या, आणि सरकारी लायसन त्यांनी पहिल्याच फेरीत आणले होते. पण मडिवाळप्पांचे म्हणणे पडले, “सरकारी लायसन काय, कुणालाबी मिळतंय. वैनी, तुमी मंडळाचं सर्टिफिकेट आणा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपत्तूर आणलंत तर गाडी तुमची. न्हाय तर विकून टाकायची. दारात उभी करून पूजा करायची व्हय?”

“आणते की,” बाई म्हणाल्या. “वीस वर्सं मी त्या गाडीत मागं बसले. आता मला दुकानला जायचंय, अक्कलकोटला माहेरी जायचंय. कुणाला विचारून न्हाय.”

अठरा शिक्षकांना एक शिकाऊ म्हणजे शिक्षणाचा दर्जा किती उंच गेला असेल, याची कल्पना करा. आठवड्यातून चार दिवस धडे होत. प्रत्येक धड्यानंतर शिक्षक आपला अभिप्राय देत. त्यांतले काही वानगीदाखल सांगतो. गिअर बदलताना आवाज करीत नाहीत, त्यामुळे गिअर बदलल्याचे शिक्षकाला कळत नाही. वारंवार आरशात पाहतात, मन मागे गुंतलेले दिसते. शिक्षक बोलत असताना रस्त्याकडे पाहतात. एका शिक्षकाने तर ‘कोठेही धडकल्या नाहीत, त्यामुळे धडकल्यावर काय करतील हे सांगता येत नाही’ असे कळवून निकाल राखून ठेवला.

कोणी कुजकट माणूस म्हणेल, की बाई पास झाल्या तर अठरा जण शिकवणार कोणाला? म्हणेना का! आणि धड्यानंतर त्यांच्याकडे शेंगापोळी मिळायची, तिचाही निकालांशी काडीचा संबंध नाही. (मी पाच वेळा खाल्ली. उत्तम होती.)

मधेच बाईंनी तक्रार केली, “अण्णा, दाबून दाबून डावीकडचा पत्रा गेला की वो. खाली रस्ता दिसतोय.”

कार्यकारिणीने या तक्रारीची दखल घेऊन समाधान व्यक्त केले. मंडळाच्या कार्याचा इतका ढळढळीत पुरावा प्रथमच हाती आला होता. बाईंनी त्यावर एक पोते अंथरले.

जत्रेच्या आदल्या रविवारी शेवटची परीक्षा ठरली. होटगी रस्त्यापलीकडच्या माळावर सगळे शिक्षक काळे चष्मे लावून उभे राहिले. डाव्या आसनावर खुद्द अध्यक्ष. निरीक्षक म्हणून मी सायकलवर मागे होतो. (तीसच्या वेगाला सायकलने गाठणे कठीण जाते, पण उतार होता.) सावित्रम्मांनी डोक्यावरचा पदर घट्ट खोचला, अंगठ्याने गळ्यातल्या इष्टलिंगाला स्पर्श केला आणि गाडी सोडली. खरे सांगायचे तर गाडी सुरेख चालली होती. वळणे गोल, वेग एकसारखा. मला आतून बरे वाटले, पण निरीक्षकाने तसे तोंडावर दाखवायचे नसते.

इतक्यात बाभळीआडून मेंढरे निघाली. सांगोल्याकडच्या कोंडीबा धनगराचा कळप. पुढचा एडका ऐन वाटेत येऊन उभा.

अध्यक्षांनी नियमाप्रमाणे सुरुवात केली, “सावित्रम्मांनी आता—” आणि नियमाप्रमाणेच पूर्ण जोराने पाय दाबला. पत्र्याने जागा सोडली. पोत्यासकट अण्णांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि बूट रस्त्यावर राहिला. त्याच क्षणी गाडी एडक्याच्या अलीकडे हातभर अंतरावर गपकन थांबली. धूळ खाली बसली.

“—थांबण्याचा विचार करावा, ही नम्र विनंती,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, लागलं का वो? आधी पाय वर घ्या,” सावित्रम्मा घाबरून म्हणाल्या.

कोंडीबाने वाकून गाडीखाली पाहिले. “अव्वा,” तो म्हणाला, “तुमच्या गाडीला पाय फुटलाय की!”

कार्यकारिणीची सभा तिथेच, मेंढरांच्या मधोमध भरली. गाडी थांबली याबद्दल दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की थांबवली कोणी?

“मी ब्रेक दाबला की,” बाई म्हणाल्या.

“पुरावा?” तिप्पण्णांनी विचारले. “अध्यक्षांच्या बाजूला पत्रा फाटलाय, बूट गेलाय. तुमच्या बाजूला काहीच मोडलेलं नाही.”

हा पुरावा ग्राह्य धरण्यात आला. गाडी अध्यक्षांनी थांबवली असा ठराव एकमताने झाला, आणि शिकाऊ व्यक्तीस गाडी थांबवता येते हे सिद्ध न झाल्याने सर्टिफिकेट नाकारण्यात आले. ठरावाला मडिवाळप्पांनी अनुमोदन दिले. मी हात वर केला होता, हेही सांगतो.

सावित्रम्मांच्या डोळ्यांत पाणी आले. ते रागाचे होते. “अठरा जण बसून गेलात माझ्या गाडीत,” त्या म्हणाल्या. “पोटभर शिकवलंत. येकानं तरी म्हणायचं हुतं की, जमलं बाई तुला म्हणून.”

मी सायकलची घंटी पुसू लागलो.

जत्रेच्या आत मडिवाळप्पांनी माढ्याचे एक बागाईतदार गिऱ्हाईक आणले. पाव्हण्याने रुबाबात डावे दार उघडले, आत पाहिले, आणि विचारले, “हिच्यात बसून जायचं, का हिच्यातनं पाय काढून चालत?” तो गेला तो गेलाच. मागून आलेली दोन गिऱ्हाइकेही भोक बघून परत फिरली. पत्रा बदलून घ्यावा तर अध्यक्षांची हरकत. त्या भोकातून मंडळाने एक जीव वाचवला आहे (एडका), ते जतन झाले पाहिजे. जत्रा भरली, उठली. गाडी दारातच राहिली.

पुढची अडचण नियमांनीच निर्माण केली. डावीकडे पाय ठेवायला जागा नाही, म्हणजे शिक्षकाला बसता येत नाही. शिक्षक नाही तिथे शिकाऊही असू शकत नाही. आणि जो शिकाऊ नाही, त्याला गाडी चालवू नको म्हणण्याचा अधिकार मंडळाला नाही. मडिवाळप्पांनी हे कलम चार-चारदा वाचून घेतले, पण त्यांनीच एकेकाळी त्यालाही अनुमोदन दिले होते.

सावित्रम्मा आता रोज फियाटने दुकानला जातात. सोमवारी अक्कलकोटला जातात, विचारत नाहीत. डाव्या आसनावर सुताचे गठ्ठे असतात. ते बोलत नाहीत. आम्ही अठरा जण सकाळी कोपऱ्यावर उभे राहून त्यांना जाता जाता सूचना देतो. आमचे वाक्य अर्धे होईपर्यंत गाडी पुढच्या चौकात पोचलेली असते. परवा त्यांनी हात हलवला. तिप्पण्णांच्या मते हाताचा इशारा चुकला.

तरी मंडळाला आणखी शिक्षक हवे आहेत, आणि म्हणूनच हे निवेदन आपल्यापुढे ठेवले. वाचकहो, तो एडका आडवा आला तेव्हा तुमचा उजवा पाय खाली दाबला गेला होता. नाही म्हणू नका. बाईंनी काय करायला हवे होते, तेही तुमचे बसल्या जागेवरून दोनदा तरी सांगून झाले आहे. आणि ‘जमलं बाई तुला’ असे म्हणावे, हे तुम्हालाही सुचले नाही.

परीक्षेत आपण उत्तीर्ण आहात. गाडीची अट नाही, लायसनची नाही. एकोणिसावी जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. येताना बुटाची नाडी तेवढी घट्ट बांधून या.