दीडशे-सत्तर-सतरा

दुपारच्या सामसूम घरात पडवीतून 'फुस्स' असा आवाज आला. योगेशच्या अवजड टूरिंग मोटरसायकलच्या मागच्या टायरनं उरलीसुरली हवा सोडली. डेंग्यूनं योगेश गेला त्याला वर्ष झालं होतं. टायरनं बिचाऱ्यानं आजवर धीर धरला होता.

त्याच्या बायकोनं, रुपालीनं गाडी विकायचं ठरवलं होतं. गाडी नजरेस पडली की तिला घास गिळवत नसे. योगेशचा मित्र गोरक्ष रविवारी नगरहून न्यायला येणार होता. "वहिनी, मागचं टायर तेवढं बदला. गोव्याला जायचंय," एवढंच त्याचं म्हणणं.

"मी आनतो की," सासरे जालिंदरतात्या म्हणाले. देवळालीत तीस वर्षं त्यांनी उसाच्या ट्रॉल्यांची पंक्चरं काढली होती.

सोमवारी आणलेलं टायर अरुंद निघालं.

"तात्या, हे पुढच्या चाकाचं आहे!"

"व्हय का? चष्मा घरीच ऱ्हायला बग."

बुधवारी ते बोटबोट उंच गुट्ट्यांचं टायर घेऊन आले.

"अहो, त्यांना गोव्याला जायचंय, नांगरायला नाही!"

"लई जड गाडी हाय पोरी. चिखलात पकड नको?"

शेजारच्या लंकाबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय तात्या, ट्रॉली जोडताय का हिला?"

शुक्रवारी रुंदी जमली, नक्षी जमली. रिमवर मात्र टायर बसेना. इंचभर मोठं! दुकानदारानं रुपालीला फोन केला, "ताई, बाबांना आता पाठवू नका. नंबरचा फोटो टाका."

रुपालीचा तोल सुटला. "तीस वर्षं केलंत तरी काय तुम्ही?"

तात्या उपरण्यानं गाडीची सीट पुसत राहिले.

शनिवारी सकाळी ती मोबाईल घेऊन चाकापाशी बसली. सहा वर्षांची चिमी शेजारी टेकली आणि टायरवरच्या आकड्यांवरून बोट फिरवत घडाघडा म्हणाली, "दीडशे, सत्तर, सतरा. हा रुंदीचा, हा उंचीचा, हा रिमचा."

"कुणी शिकवलं गं?"

"आजोबांनी. रोज गाडी पुसताना म्हणून घेतात. त्यांना तर डोळे मिटूनपण येतं."

रुपालीनं मान वर केली. ओट्यावर तात्या पाठ करून बसले होते. हातातल्या उपरण्याची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

"आई," चिमीनं विचारलं, "मग आजोबा दर वेळी चुकीचंच का आणतात?"