हिराजी नाखव्यांची जोडगाडी

हिराजी नाखवा जमिनीवर राहत असत, पण जमिनीवर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. आमच्या लालबागच्या चाळीचा जिना ते होडीतून उतरावं तसे पाठमोरे उतरत, कठडा घट्ट धरून. त्यांच्या खोलीत एकही वस्तू मोकळी नसे. तांब्या खुंटीला बांधलेला, खाट खांबाला बांधलेली, आणि वारा जरा जोराचा सुटला की मांजराच्या गळ्यातही दोरी पडे. मी एकदा त्यांना समजावलं की नाखवा, ही इमारत दगडाच्या पायावर उभी आहे, ती कुठंही जात नाही. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि माझी छत्री दाराच्या कडीला बांधून टाकली.

ते मूळचे शिवडीचे कोळी. मचवा खडकावर फुटला, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून उतारवयात करी रोडच्या गिरणीत लागले. इंजिनाची ताकद यंत्रांपर्यंत नेणारे मनगटाएवढे जाड दोर असत. ते तुटले की सांधायचं काम नाखव्यांकडे होतं. मी त्याच गिरणीत हजेरी लिहिणारा कारकून. जगातल्या यच्चयावत बिघाडावर त्यांचं निदान एकच. गिरणी बंद पडली, वारा पडलाय. भात कच्चा राहिला, वारा पडलाय. लहानथोर सगळ्यांना ते ‘तू’ म्हणत, आणि गोऱ्या मॅनेजरालाही एकदा सांगून आले होते की तुझा वारा पडलाय, जरा दम खा. साहेबाला मराठी येत नव्हतं म्हणून नोकरी टिकली.

त्यांची बायको पारूबाय. अंगानं काटकी आणि जिभेनं तिखट. मूलबाळ नव्हतं. दोघांचं घरात असतील तेवढा वेळ भांडण चाले, आणि संध्याकाळी भोंगा झाला की पारूबाय दारात येऊन उभी राही. हाकेच्या अंतरावरच्या गिरणीतून नवरा येणारच, त्याची एवढी वाट कसली पाहायची, असं माझी बायको म्हणे. पण नवरा दर्यावर आणि आपण काठावर, असा जिचा जन्म गेला तिची सवय कशी सुटणार? नाखवा कोपऱ्यावर दिसले की ती आत जाई आणि उशीर का केला म्हणून तोंड सोडी.

मग गाठीचा ताप आला. त्या साली लालबाग-परळात काय झालं ते मी सांगत बसत नाही. खोल्यांना कुलपं लागली, माणसं मिळेल त्या वाटेनं कोकणात पळाली, आणि मागं राहिलेल्यांनी एकमेकांच्या दारावरून जाणं सोडलं. रस्त्यात दवाखान्याची बंद घोडागाडी फिरू लागली. ती ज्याला नेई त्याच्याबरोबर घरच्या कुणाला जाता येत नसे. दवाखान्याच्या फाटकावर शिपाई अडवीत. नेलेला माणूस बहुधा परत येत नसे, आणि शेवटी तो काय बोलला, पाणी मागितलं का, हेसुद्धा घरच्यांना कळत नसे. लोकांना तापाइतकीच त्या फाटकाची धास्ती होती.

पारूबायला जुना खोकला होता. ताप आमच्या चाळीत शिरलाच तर तीच आधी जाणार, असं सगळे मनात धरून चालले होते. नाखवाही. ते मात्र नुसते धरून बसले नाहीत. एका दुपारी ते गिरणीच्या भंगारातून एक बुटकी चारचाकी ढकलत घेऊन आले. कापडाच्या गासड्या ओढायला असते तसली, लाकडी, पुढची चाकं वळणारी. तिच्यावर त्यांनी बसायला एक फळी ठोकली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, पारूला नेतील तेव्हा ही त्यांच्या गाडीला मागून जोडायची आणि वर आपण बसायचं.

मी म्हटलं, अहो नाखवा, तुम्हाला फाटकावर अडवतील.

“चालत जानाऱ्याला अडवतात,” ते म्हणाले. “बंदरात मचव्याच्या मागं होडी बांधलेली असली तर तिला येगळा कोन इचारतो? ती मचव्यातच धरतात. ही पन गाडीतच धरतील.”

बंदराचा कायदा त्यांच्या दृष्टीनं साऱ्या मुलखाला लागू होता.

पहिली परीक्षा शिवडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झाली. होडी दोरानं बांधतात म्हणून नाखव्यांनी गाडीही दोरानंच बांधली, एका ओळखीच्या गवतवाल्याच्या बैलगाडीमागे. सपाटीवर छान चाललं. नाखवा फळीवर मांडी घालून बसले होते आणि दोन्ही बाजूंना सलाम करत होते. उतार लागला तसा दोर सैल पडला, चारचाकी सुसाट सुटली, बैलगाडीच्या पाठीवर आदळली आणि नाखवा उडून थेट गवतात. गवतवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाखव्यांनी गवतातून डोकं बाहेर काढलं. दर्या मागनं धरून ठेवतो, रस्ता मेला धरीत नाय, एवढंच ते म्हणाले.

म्हणजे दोर नको, ताठ दांडा हवा. फुटलेल्या मचव्याचा एक वासा, शीड ताणायचा, त्यांनी जपून ठेवला होता आणि पारूबाय त्यावर लुगडी वाळत घाली. तो त्यांनी लुगड्यासकट खाली काढला आणि करवतीनं मधोमध कापला. पारूबायनं त्या दिवशी जे तोंड सोडलं ते चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. वाशाचं एक टोक त्यांनी चारचाकीच्या पुढच्या कण्याला पक्कं जखडलं. दुसऱ्या टोकाला गिरणीतल्या लोहाराकडून भोक असलेला लोखंडी कान ठोकून घेतला. हा कान दवाखान्याच्या गाडीच्या मागच्या पायरीखालच्या कडीवर बसवायचा आणि दोन्हींतून वरून बोटभर जाडीची एक खीळ सोडायची. खीळ आत, की जोडगाडी तयार.

आता ती कडी जमिनीपासून किती उंच आहे ते पाहायला हवं. ज्या गाडीला बघून माणसं नाकाला धोतर लावून पलीकडच्या फुटपाथला पळत, ती पोलीसचौकीसमोर उभी असली की तिच्या पाठीला नाखवा भर दिवसा मांडी टेकवून उंची मापत. ती हाकणारा रहीमभाई भला माणूस. नाखव्यांनी त्याला तंबाखू चारून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मैं आगे देख के हाँकता, चाचा. पीछे क्या लटकेला है मेरे कू क्या मालूम.” नाखवा घरी आले ते लग्न ठरवून आल्यासारखे.

त्या संध्याकाळी गॅलरीत पारूबायनं त्यांना विचारलं, आणि तूच आधी पडलास तर?

मला काय होतंय, नाखवा म्हणाले.

“मंग त्या फळीवर मी बसन,” ती म्हणाली. “जलमभर काठावर उभी राह्यले. आता नाय.”

नाखवा उठले. त्यांनी तिचं वाळत घातलेलं लुगडं दोरीला गाठ मारून ठेवलं.

शिमगा तोंडावर आला असताना नाखव्यांच्या जांघेत गाठ आली. मी म्हटलं, कुणाला सांगू नका, माळ्यावर लपवतो, पुष्कळ जण तसंच करतात. ते म्हणाले, चाळीत पोरं हायत, तूच जाऊन चौकीवर सांग. मी गेलो. कुठलीच वाट मला आयुष्यात तेवढी जड गेली नव्हती.

गाडी आली. सुदैवानं रहीमभाईच होता. शिपाई नाकाला फडकं लावून लांब उभे होते. पारूबाय एक गाठोडं घेऊन खाली आली, फळीवर बसली आणि समोर बघू लागली. मी आणि शेजारच्या लक्ष्मणानं चारचाकी ढकलत नेली, कान कडीवर बसवला, खीळ सोडली. रहीमभाई ठरल्याप्रमाणे पुढं बघत होता. तापानं भाजत असलेले नाखवा जिना पाठमोरेच उतरले. आम्ही त्यांना गाडीत चढवू लागलो तर म्हणाले, थांबा, माझं काम मला बघू द्या. धरून धरून त्यांना मागं नेलं. ते वाकले, दांड्यावरून, कानावरून हात फिरवला. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. मला हसू आणि रडू एकदमच आलं, की या माणसाला या घटकेलाही आपल्या कारागिरीचं कौतुक सुटत नाही. मग ते आत जाऊन आडवे झाले.

घोडा निघाला. लोखंडी कान कडीवरून घसरला आणि दांडा धप्पकन रस्त्यावर पडला. दवाखान्याची गाडी गेली आणि चारचाकी पारूबायसकट जागच्या जागी राहिली.

मी आणि लक्ष्मण गुडघ्यांवर बसून धुळीत खीळ शोधू लागलो. गाडी अजून दिसत होती, सापडली असती तर धावत जाऊन शिपायांच्या हातापाया पडलो असतो. पारूबाय मात्र फळीवरून हलली नाही.

“हुडकू नको, तात्या,” ती मला म्हणाली. “ती त्याच्या मुठीत हाय.”

नाखवा परत आले नाहीत. पुढं एकदा रहीमभाई आपण होऊन चाळीशी थांबला, तेव्हा पारूबाय आणि मी दोघंही खाली गेलो. त्यानं सांगितलं की गाडी पुलापाशी पोचली तेव्हा आतून चाचांनी हाक मारली आणि विचारलं, मागं कोन हाय काय? त्यानं वळून पाहिलं आणि कोणी नाही म्हणून सांगितलं. “बेस झालं,” चाचा म्हणाले. मग थोडं पुढं गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि फाटक येईपर्यंत ते विचारतच राहिले.