रविवारची जाहीर इंग्रजी

"इंग्रजी शिकवायला गेली म्हणतेत, अन् फोनवर तर आपल्यावाणीच बोलून राहिली. मंग एवढ्या लांब जाऊन फायदा काय झाला?"

गिरणीत माझ्या मागे डबा घेऊन उभा असलेला कोंडीबा हे माझ्या कानात बोलला. अगदी कानातच, गिरणी सुरू असली की दुसरीकडे कुठं बोलून उपयोग नसतो.

माणूस परदेशात आहे हे सिद्ध व्हायला त्याचं गावात नसणं पुरेसं नाही, हे तत्त्व आमच्याकडे असं पिठाच्या धुरळ्यात जन्माला आलं. त्यात खोट काढता येत नाही. गावात नसलेली माणसं पुष्कळ असतात. काही पुण्याला असतात, काही ऊसतोडीला असतात. एक जण सासुरवाडीला म्हणून गेला तो (बायको इकडे ठेवून) तिकडेच राहिला. यातल्या कुणालाही आपण परदेशी म्हणत नाही. मग सरितालाच का म्हणावं?

सरिता म्हणजे माझ्या शेजारच्या सोजराबाईची लेक. इंग्रजीत एम. ए. झाली, हिंगोलीच्या एका खासगी शाळेत शिकवलं, आणि तिथून थेट व्हिएतनामला गेली. तिथल्या एका लहानशा शहरात ती बारक्या लेकरांना इंग्रजी शिकवते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरच्या आमच्या गावातून शिक्षणाच्या जोरावर विमानात बसलेली ती पहिली. (शिक्षणाशिवाय बसलेले दोघं आहेत, पण त्यांना खिडकीची जागा मिळाली नव्हती, म्हणून ते मोजत नाहीत.)

सुरुवातीला ती रविवारी संध्याकाळी आईच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायची. सोजराबाई ओसरीत बाजेवर बसून बोलायची. आमच्या दोघींच्या घरांत भिंत एकच असल्यामुळं मला मुद्दाम ऐकावं लागत नसे. "आई, इथं सकाळी सकाळी शेवयांचा रस्सा पितात, तोही फुटपाथवर, लेकरांच्या खुर्चीएवढ्या स्टुलावर बसून. माझे गुडघे कानाला लागतात." "आई, पाऊस आला की सगळे जण स्कूटरसकट एकाच रेनकोटात घुसतात." "आई, माझ्या वर्गातली लेकरं दुपारी जेवून चटया टाकून झोपतात, अन् मी एकटीच मधोमध जागी बसते. फार गोड दिसतात गं. पण कुणाशी बोलावं, कळत नाही." एकदा तिनं सांगितलं, "'जम्प' शिकवायचं तर मला बेडकासारखी उडी मारावी लागते." सोजराबाई इतकी हसली की बाजेची दोरी सुटली.

ही माहिती बाहेर गेली आणि गावाची फार मोठी निराशा झाली. कारण तिच्या देशात भात होता. म्हशी होत्या. डास होते. बर्फ नव्हता. एम. ए. झालेली बाई उड्या मारत होती. कोंडीबा म्हणाला, "बेडकं तर आपल्या कालव्यातबी हायेत. ही नक्की लांब गेली का वसमतला हाय, कोणी पाहून आलं का?"

तेव्हा माजी सरपंच उकंडराव, ज्यांना सगळे आबा म्हणतात, यांनी पुढाकार घेऊन परदेश संपर्क समिती स्थापन केली. आबांबद्दल माझ्या मनात आदर आहे. कुणाच्या घरातली गोष्ट सार्वजनिक कशी करावी, हे त्यांच्याकडून शिकावं. समितीनं ठरवलं की कॉल यापुढं शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर व्हावा (हा टीव्ही शाळा भरलेली असताना चालू झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही), आणि परदेशाचा पुरावा म्हणून सरितानं सर्व बोलणं इंग्रजीत करावं. म्हैस, भात, डास व बेडूक हे विषय टाळावेत. चुकून मराठी निघाल्यास समिती आवाज बंद करील. (तसं तिला कळवण्यात आलं.) सोजराबाईला पहिल्या रांगेत, मध्यभागी, प्लास्टिकची हाताची खुर्ची राहील. सुरुवातीला हात हलवण्याचा अधिकार तिचाच. मोबाईल मात्र सोमवार ते शनिवार आबांच्या कपाटात राहील, कारण तो आता एका देशाचा दुसऱ्या देशाशी असलेला संबंध होता, आणि सोजराबाई तो ठेवते त्याच बटव्यात पानाचा चुनाही ठेवते.

"माझा एक सवाल हाय तिला," सोजराबाई म्हणाली.

"काय सवाल?"

"करमतं का तिथं, एवढंच."

आबांनी कोंडीबाकडं पाहिलं. कोंडीबानं छताकडं पाहिलं. "हा घरगुती विषय झाला," आबा म्हणाले. "येळ उरला तर घेऊ."

वेळ उरत नसे, कारण इंग्रजीला फार वेळ लागतो.

पहिल्या जाहीर रविवारी सगळं गाव लोटलं. बाया नव्या साड्या नेसून आल्या. एकीनं तर टीव्हीला हळदकुंकू लावलं, त्यामुळं सरिता पूर्ण वेळ हळदीच्या एका बोटामागून दिसली. ती बोलायला लागली आणि अशी शांतता पसरली की कुत्रीसुद्धा दारात येऊन बसली. पोरगी काय बोलली! सरळ, न थांबता, मध्ये एकदाही 'म्हंजे' न म्हणता. शेवटी टाळ्या पडल्या. कोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता वाटून राहिलं," तो म्हणाला, "खरंच लांब गेली म्हणून."

इथं कुणी विचारील की गावाला कळलं किती? समितीनं या विषयाची पाहणी केली आहे. शंभर टक्के लोकांना शंभर टक्के कळलं. त्याची पद्धत सोपी आहे. आमच्या हायस्कूलचे इंग्रजीचे शिक्षक धम्मानंद सर (इंग्रजी हा विषय ते आजवर मराठीतून शिकवत आले आहेत, आणि निकाल उत्तम आहे) सोजराबाईच्या शेजारी बसतात. सरांनी मान हलवली की पहिली रांग मान हलवते. पहिल्या रांगेनं हलवली की दुसरी. भिंतीपाशी उभ्या असलेल्यांपर्यंत ती मान पोचते तेव्हा सरिता पुढच्या विषयावर गेलेली असते, पण त्यानं अर्थाला बाधा येत नाही. सर हसले तर तसंच हसू मागं जातं. एकदा सरांना शिंक आली. तीही बऱ्यापैकी मागंपर्यंत गेली.

फायदे पुष्कळ झाले. गावात लग्नपत्रिकेवर 'परदेश संपर्क समिती, अध्यक्ष' असं आबांचं नाव येऊ लागलं. हट्टा गावच्या एका पाहुण्यानं आपला पुतण्या दुबईत असल्याचं सांगितलं, तेव्हा कोंडीबानं त्याला विचारलं, "इंग्रजीत हाय का नुसताच हाय?" पाहुणा चहा न घेता गेला.

पुढं सरिताची इंग्रजी आणखी सुधारली. वाक्यं छोटी झाली. दोन वाक्यांत अंतर पडू लागलं. बोलता बोलता ती खाली बघायची, नाक पुसायची, डोळे लाल व्हायचे. सोजराबाई खुर्चीतून पुढं झुकली. "सर, पोरगी रडून राहिली का?"

"न्हाई, न्हाई," सर म्हणाले. "तो उच्चार असतो. नाकातून काढावा लागतो."

हे पटण्यासारखं होतं. परकी भाषा नाकातून काढायची म्हणजे डोळ्यांवर ताण येणारच. ती बारीक झाली, तर बाया म्हणाल्या, तिकडं तसं राहावं लागतं. डोळ्यांखाली काळं आलं, तर तो टीव्हीचा दोष निघाला. एकदा ती मध्येच "आई, मला..." असं बोलून गेली, तेव्हा आबांनी चपळाईनं आवाज बंद केला. पडद्यावर तिचे ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. आवाज परत आला तेव्हा ती थांबलेली होती. मग तिनं तेच, बहुधा, इंग्रजीत सांगितलं. सरांनी मान हलवली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या, आणि चांगल्या मोठ्या होत्या.

परवाच्या रविवारी मात्र कार्यक्रमाला बाधा आली. सरितानं हात हलवला, हसल्यासारखं केलं, आणि एकच वाक्य बोलली. थांबली. पुन्हा तेच बोलली. तिसऱ्यांदा बोलताना तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलंच नाही.

आणि सरांची मान हलली नाही.

पहिली रांग सरांच्या मानेकडं बघत बसली. दुसरी पहिलीकडं. भिंतीपाशी कुजबुज झाली की वीज गेली का काय. आबांनी प्रसंगावधान राखून टाळ्या सुरू केल्या, पण त्या त्यांच्या एकट्याच्याच राहिल्या.

"सर, काय म्हणली?" सोजराबाईनं विचारलं.

"चांगलं बोलली."

"चांगलं म्हंजे काय?"

"व्याकरण बराबर हाय तिचं."

"व्याकरण घालता का चुलीत! म्हणली काय ते सांगा." सर चष्मा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता. सोजराबाई वळली. "आबा, तुमी अध्यक्ष. तुमी सांगा."

"अध्यक्षाला सगळंच बोलता येत न्हाई, सोजराबाई. परराष्ट्राचा मामला हाय."

"कोंडीबा भाऊ?"

"मला म्हनलं तर कळलं," कोंडीबा म्हणाला, "पण मराठीत सांगता यायचं न्हाई. त्यातली मजा जाती."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्यात भिंत एकच. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि म्हणाले, "मी जरा मागं बसले होते गं." (मी दुसऱ्या रांगेत होते.)

आता एक तुम्हालाही विचारते. तुम्ही शिकलेली माणसं. रस्सा, रेनकोट, झोपलेली लेकरं, सगळं वाचत इथवर आलात, जागोजागी हसलात, मानाही हलवल्या असतील. पोरीला काय होतंय ते तुम्हाला आमच्याआधी कळलं होतं. खोटं बोलू नका. मग त्या वर्गात तुमचाही आवाज कसा आला नाही? तुमच्यापुढं तर सरांची मानही नव्हती.

सोजराबाई कुणाचीच वाट न बघता उठली. खुर्ची तिच्या लुगड्याला अडकून दोन पावलं बरोबर आली, मग पडली. टीव्हीच्या खाली आबांचा हात आवाजाच्या बटणावर होता. तिनं तो माशी हाकलावी तसा बाजूला केला. पदरानं पडद्यावरचं हळदीचं बोट पुसलं. मग अगदी जवळ जाऊन, अर्धं गाव मागं बसलेलं असताना, बाजेवर बसून बोलायची तशा आवाजात ती म्हणाली,

"सरू, इथं इंग्रजी कुणालाच येत न्हाई, बाई. आता सांग, काय झालं?"