कॉम्प्युटरला शिवलेली खोळ

कॉम्प्युटरला खोळ शिवावी असं मनात आलं, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. (मला स्वतःचं कौतुक वाटलं की घरात काहीतरी मोडतं, असं आई माझ्या लहानपणापासून सांगत आली आहे.)

मी गादीवाला. गाद्या, उशा, सोफ्याची कव्हरं. शाळा मी लवकर सोडली आणि शाळेनंही मला थांब म्हटलं नाही. धंद्यामुळे माणसाला एक नजर येते. न्हाव्याला समोरच्याचं आधी डोकं दिसतं, शिंप्याला बाही दिसते. मला जगातली कुठलीही अडचण दिसली की तिच्याभोवती फोम गुंडाळावासा वाटतो.

आमची अडचण आवाजाची होती. म्हणजे दोन आवाजांची.

पहिला आवाज माझ्या बायकोचा. त्याबद्दल मी पामर काय सांगणार! आईची नजर अधू झाल्यापासून ती आईला हाताला लागेल ते वाचून दाखवते. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, साबणाचं वेष्टन. ‘डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे’ हे वाक्य ती असं वाचते, की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. (साबण न जाता.) लग्नाला दुसरं वर्ष लागलं, तरी ही बाई पत्ता चुकून आमच्या घरी आली असावी, असं मला अजून वाटतं.

तर पुस्तकं वाचून लोकांना ऐकवणारी एक कंपनी आहे. त्यांनी तिच्याकडे नमुना मागितला. देवमाशावरच्या पुस्तकातलं एक पान, शनिवारी संध्याकाळपर्यंत. आवडलं तर घरबसल्या कायमचं काम. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं, आणि मागितलं तेही काय, तर थोडी शांतता.

कारण दुसरा आवाज कॉम्प्युटरचा होता. जुना, एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला, टेबलाखाली ठेवलेला. चालू केला की आतले पंखे आधी गुरगुरायचे, मग मिक्सर लागायचा, आणि मग असं काही घोंगावायला लागायचं, की आपण खुर्चीचा पट्टा बांधून खिडकीबाहेर ढग दिसतात का ते पाहावं.

शुक्रवारी तिनं केलेलं रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी ऐकलं. ‘समुद्राच्या तळाशी अथांग शांतता असते,’ असं ती म्हणत होती, आणि मागून घर्रर्र!

“बोट आली वाटतं,” आई म्हणाली.

“आई, तो पंखा आहे. कॉम्प्युटरच्या आतला.”

“मग बंद करा की. नाहीतरी थंडीच आहे.”

बायको हसली, पण तोंडापुरतं. तेव्हाच मी खिशातून मापाची टेप काढली.

मापं रीतसर घेतली, जशी कुठल्याही गिऱ्हाईकाची घेतो तशी. दुकानात सोफ्याचं मरून कापड उरलं होतं. आत दुहेरी फोम, कडेनं दोरी भरून पायपिंग, आणि वायरींसाठी मागे दोन काजं. शनिवारी सकाळी खोळ घेऊन मी घरी आलो, तेव्हा माझी चाल बदलली होती.

“अहो, हे काय?”

“खोळ.”

“त्याला गरम नाही होणार?”

“आपल्याला रजईत होतं का?” मी म्हणालो. (शिक्षणाचा अभाव माणसाला किती ठाम बनवतो!)

खोळ चढवली आणि घर्रर्र एकदम दूर गेलं. जणू कॉम्प्युटर आमच्या घरातून उठून पलीकडच्या गल्लीत राहायला गेला. बायको माझ्याकडे पाहत राहिली. “अहो, तुम्ही तर कमाल केलीत!” हे वाक्य मला कुठेतरी चौकटीत बसवून लावता आलं असतं, तर मी लावलं असतं.

ती वाचायला बसली. अर्धं पान झालं असेल नसेल, खोळीच्या आतून कुणीतरी कण्हलं. मग हुंकार आला. मग मरून कापडाच्या आत रेडा कोंडल्यासारखा असा आवाज सुरू झाला, की टेबलावरचा पेला सरकत कडेला आला. गरम इस्त्रीचा वास सुटला. कॉम्प्युटरचा पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

“आता कसं शांत वाटतंय!” आई म्हणाली.

मी खोळ ओढून काढली. हाताला चटका बसला, पण तो मी कुणाला दाखवला नाही. बायको काळ्या पडद्याकडे नुसती पाहत होती. तिच्या त्या गप्प बसण्यापुढे पंखा परवडला.

“संध्याकाळपर्यंतच मुदत आहे हो,” ती एवढंच म्हणाली.

मी कॉम्प्युटर उचलला, तापलेल्या मुलासारखा छातीशी धरला आणि रस्त्यापलीकडच्या दुरुस्तीवाल्याकडे पळालो.

त्यानं स्क्रू काढून एक बाजू उघडली. मी आजवर सोफ्यांची पोटं कमी उघडलेली नाहीत. आत स्प्रिंगा, तरटाचे तुकडे, हरवलेला कंगवा. पण हे पोट उघडलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. हिरव्या पाटीवर गल्ल्या, गल्ल्यांत इवली इवली घरं, घरांतून निघालेल्या चकचकीत वाटा, आणि एकही वाट दुसरीला धडकत नव्हती. विमानातून शहर असंच दिसत असणार. एवढं शहर आमच्या टेबलाखाली वसलं होतं आणि मी त्याला रोज पाय लावून बसत होतो!

“हे सगळं कुणी शिवलं?” मी विचारलं.

“ते राहू द्या. हे काय आहे ते सांगा.” त्यानं चिमट्यानं पंख्यातून एक लांब पांढरी वात ओढली. मग दुसरी. मग एक गोळा. “तुम्ही गादीवाले का?”

“कसं ओळखलंत?”

“अहो, आत एक लहान उशी होईल एवढा कापूस आहे.”

मला एकदम सगळं दिसलं. रोज संध्याकाळी मी घरी येतो आणि दाराशी उभा राहून शर्ट झटकतो. दाराशी टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटर. मी रोज न चुकता त्याला भरवत होतो, आणि तोही बिचारा पानात पडेल ते निमूटपणे ओढून घेत होता.

“घसा कापसानं भरलेला,” दुरुस्तीवाला म्हणाला, “म्हणून पंखे ओरडत होते. आतली गरम हवा बाहेर टाकायची तरी कशी? आणि अशातच बंद पडला?”

“नाही. मी त्याला खोळ घातली होती.”

“खोळ?”

“फोमची. पायपिंग केलेली,” मी म्हणालो. (पायपिंगचं का सांगितलं, देव जाणे.)

त्यानं चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, “जळला नाही तो. फार तापला म्हणून आपण होऊन बंद झाला. तुमच्यापेक्षा शहाणा आहे.”

त्यानं ब्लोअर लावला आणि त्याच्या दुकानात बर्फ पडला. एक पंखा पार झिजला होता, तो बदलला. ऊन कलायला लागलं होतं. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. कापूस माझा, खोळ माझी.

“म्हणजे आवाज मुळात तुमचाच होता,” ती म्हणाली. पण या वेळी खरी हसली.

कॉम्प्युटर लावला.

“लागत नाहीये का रे?” आईनं विचारलं.

“लागलाय, आई.”

आम्ही तिघंही ऐकत राहिलो. आमच्या घरात एवढ्या गोष्टी राहतात हे मला माहीतच नव्हतं! घड्याळाचा काटा पाऊल टाकायचा ते ऐकू येत होतं. मोरीतला नळ थेंब सोडण्याआधी जरा विचार करतो, तेही कळलं.

“आता कुणी हलायचं नाही,” बायको म्हणाली. आईनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. मी भिंतीला पाठ लावून श्वास रोखला.

आणि ती वाचू लागली. देवमासा खाली जातो. उजेड वर राहतो. निळं काळं होतं. छातीत साठवलेल्या एका श्वासावर तो खाली, आणखी खाली जात राहतो. आमच्या त्या दोन खोल्या कुठे गेल्या, कुणास ठाऊक. भिंत ओली लागत होती. माझ्या डोक्यावरून काहीतरी अवाढव्य सावकाश निघून गेलं आणि मी लहान झालो, शिंपल्याएवढा. जिच्या हातची आमटी मी रोज ओरपतो, तिच्या तोंडात हे कुठून येतं? ‘आणि मग,’ ती म्हणाली, ‘सगळा समुद्र बाजूला सारत तो वर येतो...’

पुढचं मला नीट आठवत नाही. पान संपलं तेव्हा खिडकीत तांबूस उजेड होता. पुन्हा ऐकून बघायला वेळ नव्हता. तिनं तसंच पाठवून दिलं.

सोमवारी कंपनीतून फोन आला. तिनं आईलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

“मॅडम, आवाज आम्हाला फार आवडला. काम तुमचंच.”

आईनं माझा दंड एवढा आवळला, की मला ओरडावंसं वाटलं.

“फक्त एक,” फोनमधले साहेब म्हणाले. “देवमासा वर येतो तिथे तुम्ही जो उसासा घातलाय ना, तो काढा. असले आवाज आम्ही इकडे घालतो. आणि तो जरा म्हशीसारखा वाटतो.”

“उसासा? मी नाही घातला.”

“आहे, मॅडम. आणि उसासा टाकल्यावर देवमासा ‘वा!’ म्हणतो. पुस्तकात तसं नाहीये.”

बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. आईला नीट दिसत नाही, पण तिनंही माझ्याकडेच पाहिलं.

“घरात काही चालू असतं का रेकॉर्डिंगच्या वेळी?” साहेबांनी विचारलं. “एखादं यंत्र वगैरे?”

“हो, आहे एक,” बायको म्हणाली. “जुनंच आहे. करते त्याचा बंदोबस्त.”

बंदोबस्त झाला. आता ती वाचायला बसली, की मी आतल्या खोलीत ती मरून खोळ डोक्यावर चढवून बसतो. माप घेतल्यासारखी बसते. वायरींसाठी ठेवलेलं एक काज बरोबर नाकासमोर येतं, त्यामुळे श्वासाची सोय आहे. माझा ‘वा!’ बाहेर जात नाही आणि तिचा आवाज मात्र थोडा आत येतो. आई म्हणते, आता घर कसं शांत वाटतं.

पायपिंगचं मात्र अजून कुणी कौतुक केलेलं नाही.